परक्या देशातली पहिली गाडी

रविवारची सकाळ. नागपूरच्या मनीषनगरातल्या एका घरात चहाचे कप अजून टेबलावरच आहेत आणि व्हिडिओ कॉल सुरू आहे. मुलगा ओहायोत नोकरीला लागून तीन महिने झालेत, सूनबाईंना सातवा महिना आहे. आज तो फोन फिरवून फिरवून गाडी दाखवतोय. “ॲव्हरेज किती देते रे?” बाबांचा पहिला प्रश्न. “सेकंडहँड आहे ना, किती चालली?” हा दुसरा. “ऐंशी हजार, बाबा.” बाबा मान डोलावतात. ऐंशी हजार म्हणजे फार नाही.

पण तिकडच्या मीटरवर मैल असतात. ऐंशी हजार मैल म्हणजे जवळपास 1 लाख 29 हजार किलोमीटर. गाडी वाईट असेलच असं नाही. नीट राखलेली गाडी त्याच्या दुप्पटही चालते. पण इकडे बाबांच्या मनात उभी राहिलेली गाडी आणि तिकडे दारात उभी असलेली गाडी वेगवेगळ्या आहेत, हे दोघांच्याही लक्षात आलेलं नसतं.

धरमपेठ असो, प्रतापनगर असो की वर्धा रोडवरच्या नव्या वसाहती, नागपुरात आता गल्लीगणिक एखादं तरी घर असं आहे ज्यातलं लेकरू अमेरिका, जर्मनी, ब्रिटन किंवा ऑस्ट्रेलियात आहे. तिकडे पोचल्यावर घर, बँकेचं खातं आणि सरकारी क्रमांक मिळाला की पुढची गरज गाडीची. अमेरिकेतल्या बहुतेक मध्यम शहरांत गाडीशिवाय दूध आणणंही कठीण. त्यामुळे आयुष्यातली पहिली मोठी परदेशी खरेदी घाईत होते, आणि ती बहुधा नागपुरातल्या सवयींनी होते.

माझ्या नात्यातल्या एका मुलाने अशीच गाडी घेतली. नामांकित जपानी कंपनीची, रंग चकचकीत, आतून स्वच्छ, किंमत कमी. पहिल्याच हिवाळ्यात ब्रेक दाबला तर पेडल तळापर्यंत गेलं. वेग कमी होता म्हणून निभावलं. गॅरेजमध्ये गाडी वर उचलली तेव्हा खालून ती गंजून पोखरलेली होती आणि ब्रेकची नळी फुटली होती. बर्फ वितळावा म्हणून उत्तरेकडच्या राज्यांत रस्त्यांवर मीठ टाकतात. ते खारं पाणी वर्षानुवर्षं गाडीच्या पोटाला लागतं. नागपूरच्या कोरड्या उन्हात वाढलेल्या मुलाला गाडीखाली वाकून गंज पाहायचा असतो, हे कोण सांगणार?

ओळखीच्या जागी कागद

आपण इथे जुनी गाडी कशी घेतो ते आठवून पाहा. गाडी कोणाची आहे, हे आधी विचारतो. बँकेतल्या काकांची असेल, एकहाती असेल, तर निम्मं काम झालं. मग ओळखीच्या मिस्त्रीला दाखवतो. तो बॉनेट उघडतो, ऑइलच्या दांडीवर बोट फिरवतो, एक चक्कर मारतो आणि सांगतो, “घेऊन टाका” किंवा “राहू द्या.” या व्यवहाराचा पाया ओळख आहे, आणि तो खोटा नाही. वर्षानुवर्षं आपण त्याच भरवशावर चाललो.

परदेशात ही ओळख एका विमानप्रवासात संपते. काकाही नाहीत, मिस्त्रीही नाही. तिथे ओळखीची जागा कागद घेतो. गाडी कधी ठोकली गेली, किती वेळा विकली गेली, पुरात सापडली का, तिच्यावर कर्ज आहे का, याची नोंद त्या देशांत बहुतेक वेळा सापडते. ती पाहायची असते, एवढंच आपल्याला ठाऊक नसतं. परक्या देशात भरवशाची गाडी म्हणजे जिचा इतिहास दिसतो ती गाडी.

कंपनीच्या नावाचंही असंच आहे. 1983 साली पहिली मारुती 800 रस्त्यावर आली तेव्हापासून सुझुकी हे नाव आपल्या घरातलं झालं. पण अमेरिकेत नवी गाडी विकणं सुझुकीने 2012 साली थांबवायचं ठरवलं. आज तिथे सुझुकीची जुनी गाडी स्वस्तात मिळाली तरी सुटे भाग आणि ती जाणणारा मेकॅनिक शोधत फिरावं लागेल. न्यूझीलंडमध्ये मात्र तीच सुझुकी गल्लोगल्ली दिसते. म्हणून जिथे राहायचं त्या गावातल्या रस्त्यांवर कोणत्या गाड्या जास्त दिसतात, हे आधी पाहावं. जिचे भाग आणि कारागीर दोन्ही जवळ आहेत, ती गाडी निम्मी भरवशाची. अमेरिकेत टोयोटा कोरोला, कॅमरी, होंडा सिव्हिक, सीआर-व्ही यांची शिफारस होते त्यामागे टिकाऊपणाइतकंच हेही कारण आहे.

सतरा आकडे-अक्षरांची कुंडली

अमेरिकेत 1981 पासूनच्या प्रत्येक गाडीला सतरा आकडे-अक्षरांचा ओळख क्रमांक असतो. त्याला ‘व्हिन’ म्हणतात. समोरच्या काचेखाली, ड्रायव्हरच्या बाजूला तो बाहेरूनही वाचता येतो. आपल्या आरसी बुकातल्या चेसिस नंबरचाच हा भाऊ. फरक असा की तिकडे या एका क्रमांकावरून गाडीची कुंडली उघडते. मालक किती झाले, अपघाताची नोंद, मीटरचे आकडे कधी किती होते, हे सांगणारे अहवाल थोडे पैसे भरून मिळतात. असा अहवाल घेतल्याशिवाय सौदा करू नये.

या क्रमांकाचा दुसरा उपयोग जिवाशी निगडित आहे आणि तो फुकट आहे. कंपनीने दोष सापडल्यामुळे गाड्या परत बोलावल्या असतील, तर अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा प्रशासनाच्या संकेतस्थळावर व्हिन टाकताच ते कळतं. टाकाटा कंपनीच्या एअरबॅगचं उदाहरण यासाठी प्रत्येकाने लक्षात ठेवावं. एअरबॅग फुगवणारं रसायन उष्णता आणि दमटपणाने वर्षांगणिक बिघडत गेलं. अपघातात एअरबॅग उघडताना धातूचा डबाच फुटून त्याचे तुकडे माणसाला लागले आणि त्यात अनेकांचे जीव गेले. एकट्या अमेरिकेत सुमारे 6 कोटी 70 लाख एअरबॅग परत बोलावल्या गेल्या. तिथल्या इतिहासातलं हे सर्वांत मोठं परत बोलावणं. यात होंडा होती, टोयोटा होती, इतरही अनेक कंपन्या होत्या. नवा स्थलांतरित ज्या जुन्या, स्वस्त, नामांकित गाडीकडे वळतो, नेमक्या त्याच गाड्या यात होत्या. बदलून देण्याचं काम मोफत असतं, पण ते झालं आहे का, हे घेणाऱ्याने विचारावं लागतं.

टायटल, काचेवरचा कागद आणि मेकॅनिक

मालकीच्या कागदाला अमेरिकेत ‘टायटल’ म्हणतात. त्यावर ‘सॅल्व्हेज’ किंवा ‘रिबिल्ट’ असा शेरा असेल तर विमा कंपनीने ती गाडी एकदा निकालात काढली होती, असं समजावं. 2005 च्या कतरिना आणि 2017 च्या हार्वी वादळात लाखो गाड्या पुरात बुडाल्या, आणि त्यांतल्या काही धुऊन-पुसून दूरच्या राज्यांत विकायला गेल्या. गालिच्याला येणारा कुबट वास, सीटच्या लोखंडी पट्टीवरचा गंज, डिकीत स्टेपनीखालचा गाळ, या खुणा नाकाडोळ्यांनीच शोधाव्या लागतात.

डीलरकडच्या जुन्या गाडीच्या काचेवर ‘बायर्स गाइड’ नावाचा कागद लावणं कायद्याने बंधनकारक आहे. त्यावर ‘ॲज इज’ हा रकाना खुणावलेला असेल, तर गाडी जशी आहे तशी, पुढचं सगळं तुमच्या माथी. आणखी एक समज आपल्या मुलांमध्ये पक्का बसलेला आहे: तीन दिवसांत गाडी परत करता येते. डीलरच्या शोरूममधून घेतलेल्या गाडीला असा हक्क देणारा देशपातळीवरचा कायदा अमेरिकेत नाही. सही झाली की गाडी तुमची.

म्हणून सही करण्याआधी गाडी त्रयस्थ मेकॅनिककडे न्यावी. विकणाऱ्याने सुचवलेला मेकॅनिक नको. शंभर-दोनशे डॉलरमध्ये तो गाडी वर उचलून खालचा गंज, ऑइलची गळती, ब्रेक, गिअरबॉक्स पाहून देतो. तपासणीला गाडी नेऊ द्यायला विकणारा तयार नसेल, तर तेच आपलं उत्तर. माझ्या नात्यातल्या मुलाने एवढं केलं असतं, तर दुरुस्तीत गाडीच्या निम्म्या किमतीएवढे पैसे गेले नसते.

देश बदलला की रीत बदलते

ब्रिटनमध्ये काम सोपं आहे. तीन वर्षांपेक्षा जुन्या गाडीला दरवर्षी ‘एमओटी’ चाचणी द्यावी लागते (उत्तर आयर्लंडमध्ये ही मुदत चार वर्षांची). गाडीचा नंबर सरकारी संकेतस्थळावर टाकला की आजवरच्या चाचण्या, त्या वेळचं मीटर, कशात नापास झाली, सगळं फुकट दिसतं. सलग तीन वर्षं तोच दोष लिहिलेला असेल, तर मालकाने गाडीकडे कसं पाहिलं ते कळतं.

जर्मनीत नवी गाडी तीन वर्षांनी आणि मग दर दोन वर्षांनी तपासली जाते. मागच्या नंबरप्लेटवरचं गोल लेबल पुढची तपासणी कधी, ते सांगतं. तिथे सर्व्हिसचं शिक्के मारलेलं पुस्तक असलेली गाडी वरच्या भावाने विकली जाते, आणि तो वरचा भाव द्यावा. हिवाळी टायर सोबत मिळतात का, हेही विचारावं. बर्फात ते सक्तीचे आहेत आणि नवे चार टायर म्हणजे मोठा खर्च.

ऑस्ट्रेलियात दोन डॉलर भरून सरकारी नोंदवहीत पाहता येतं की गाडीवर कोणाचं कर्ज आहे का. आपल्या आरसीवरच्या हायपोथिकेशनसारखंच हे. ते न पाहता गाडी घेतली आणि आधीच्या मालकाने कर्ज थकवलं, तर गाडी तुमच्या दारातून उचलली जाऊ शकते.

जाण्याआधी एक काम नागपुरातच उरकावं. आपल्या आरटीओतून आंतरराष्ट्रीय वाहन परवाना काढून घ्यावा. तो एक वर्ष चालतो. मात्र तिकडे स्थायिक झाल्यावर स्थानिक परवाना लागतोच. जर्मनीत आपला परवाना सहा महिने, ब्रिटनमध्ये बारा महिने चालतो, मग परीक्षा द्यावी लागते. अमेरिकेत हा नियम राज्यागणिक वेगळा.

गाडीत कोण कोण बसणार

कुटुंबाची गाडी म्हटली की आपण ‘पाच जण आरामात’ असा हिशेब करतो. तिकडे हिशेब लहान मुलांच्या सीटपासून सुरू होतो. अमेरिकेच्या पन्नासही राज्यांत मुलांना त्यांच्या वयाच्या सीटमध्ये बांधणं कायद्याने सक्तीचं आहे. मांडीवर बाळ घेऊन बसणं तिथे चालत नाही, आणि ते आपल्याकडेही चालता कामा नये. 2019 च्या दुरुस्तीनंतर आपल्या मोटार वाहन कायद्यातही त्यासाठी एक हजार रुपये दंड आहे.

तान्ह्या बाळाची सीट मागे तोंड करून बसवतात. ती लांबट असते. छोट्या गाडीत ती बसवली की पुढच्या माणसाचे गुडघे डॅशबोर्डला टेकतात. दोन मुलांच्या दोन सीट लागल्या की मधे मोठं माणूस बसू शकत नाही. आणि बाळंतपणाला नागपूरहून आई-बाबा येणारच असतात. आईचे गुडघे दुखत असतील तर फार खाली बसणाऱ्या सेडानमधून उठणं तिला रोजचं दुखणं होतं. म्हणून सीट सोबत न्यावी, डीलरच्या आवारातच गाडीत बसवून पाहावी, आणि मग उरलेल्या जागेत कोण मावतं ते ठरवावं. एक खबरदारी: अपघातात सापडलेली जुनी चाइल्ड सीट फुकट मिळाली तरी घेऊ नये.

गाडीच्या धडक चाचणीचे तारेही पाहावेत. अमेरिकेत 1979 पासून, युरोपात 1997 पासून अशा चाचण्या होतात. आपल्याकडे भारत एनकॅप 2023 च्या ऑक्टोबरमध्ये सुरू झालं. चाचण्या वेळोवेळी कडक होत गेल्या आहेत, त्यामुळे दहा वर्षांपूर्वीचे पाच तारे आणि आजचे पाच तारे सारखे नाहीत.

पैशाचा खरा हिशेब

आता बाबांच्या ॲव्हरेजच्या प्रश्नाकडे येऊ. अमेरिकेत ॲव्हरेज मैल प्रति गॅलनमध्ये सांगतात. 30 म्हणजे आपल्या भाषेत लिटरला पावणेतेरा किलोमीटर. ब्रिटनचा गॅलन मोठा असल्याने तिथला 40 हा आकडा सव्वाचौदा किलोमीटरच्या आसपास येतो. युरोपात उलटं, शंभर किलोमीटरला किती लिटर ते सांगतात. तिथे आकडा जितका लहान तितका बरा.

पण पहिल्या वर्षी पेट्रोलपेक्षा विमा आणि व्याज जास्त बोचतं. नव्या माणसाचा तिथे कर्जफेडीचा इतिहास नसतो, म्हणून व्याजदर चढा लागतो. गाडी चालवण्याचा इतिहासही नसतो, म्हणून विम्याचा हप्ता मोठा येतो. इथल्या विमा कंपनीकडून नो क्लेम बोनसचं इंग्रजीतलं पत्र घेऊन जावं; काही कंपन्या ते धरतात. आणि आवडलेल्या गाडीचा विम्याचा हप्ता आधी विचारून मगच गाडी पक्की करावी. दोन सारख्या किमतीच्या गाड्यांचे हप्ते खूप वेगळे असू शकतात.

यात नागपुरात बसलेल्या आईवडिलांचा वाटा मोठा आहे. मुलं तिकडे एकटी असतात, घाईत असतात, आणि बाबांनी फोनवर “छान आहे, घेऊन टाक” म्हटलं की त्यांना धीर येतो. तो धीर जरा थांबून द्यावा. पुढच्या रविवारी मुलगा किंवा मुलगी फोनवर गाडी दाखवेल, तेव्हा ॲव्हरेजच्या आधी तीन गोष्टी विचारा: कागदावरचा इतिहास पाहिलास का? मेकॅनिककडून खालून तपासून घेतलीस का? बाळाची सीट बसवून पाहिलीस का? तिन्हींचं उत्तर ‘हो’ असेल, तरच म्हणा, घेऊन टाक.