सीताफळीचे मातींतील सोयरे

बीड जिल्ह्यांतून बालाघाटची डोंगररांग जाते. तेथील माती उथळ व मुरमाड, पाऊस लहरी. तरीहि या उतारांवर सीताफळीचीं झाडें कोणीं पाणी न घालतां उभीं असतात. त्यांच्या फळांस २०१६ सालीं भौगोलिक मानांकनहि मिळालें. अशा हलाखींत हें झाड तग धरतें कसें? उन्हाळ्यापूर्वीं पानें गाळून तें पाण्याचा खर्च कमी करतें, हें एक कारण. दुसरें कारण डोळ्यांस दिसत नाहीं. तें मुळांशीं आहे.

बहुतेक फळझाडांप्रमाणें सीताफळीच्या मुळांतहि एक सूक्ष्म बुरशी वस्ती करते. तिचे तंतू मुळांहून कितीतरी बारीक. जेथें मूळ शिरत नाहीं त्या फटींतून ते ओलावा आणतात. चुनखडीच्या जमिनींत स्फुरद बांधला जातो व जागचा हलत नाहीं. हे तंतू तो वेंचून झाडास पोंचवितात. मोबदल्यांत झाड पानांत तयार झालेली साखर बुरशीस देतें. जर्मन शास्त्रज्ञ फ्रांक यांनीं १८८५ सालीं या सहवासास 'मायकोरायझा', म्हणजे बुरशीमूळ, असें नांव दिलें. परंतु हा व्यवहार रोखठोक आहे. स्फुरदाचें खत बेसुमार ओतलें, कीं झाड साखर देतांना हात आंखडता घेतें आणि सोयरीक सैल पडते.

ट्रायकोडर्मा ही दुसरी उपकारक बुरशी. मुळें कुजविणाऱ्या बुरशींना वेटोळें घालून ती त्यांस खाते. म्हणून शेतकरी ती शेणखतांत मिसळून बुंध्याशीं घालतात.

मातींतील ही चढाओढच मनुष्याच्या औषधांचें उगमस्थान ठरली. शेजाऱ्यास हटविण्यासाठीं कांहीं सूक्ष्मजीव विषारी द्रव्यें सोडतात. १९४३ सालीं अमेरिकेंत वाक्समन यांच्या प्रयोगशाळेंत शाट्झ यांस अशाच एका जीवाणूपासून स्ट्रेप्टोमायसीन मिळालें, आणि क्षयरोगावर गुणकारी इलाज हातीं आला. पुढें पुण्याजवळील पिंपरी येथें, १९५४ सालीं स्थापन झालेल्या हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स या कारखान्यांत, थिरुमलाचार व त्यांच्या सहकाऱ्यांनीं हॅमायसीन हें बुरशीजन्य रोगांवरील औषध शोधलें. तें देणाऱ्या जीवाणूचें नांवच 'स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना'! त्याच कारखान्यांतील ऑरिओफंगिन तर पिकांच्या व फळझाडांच्या रोगांवर वापरलें गेलें. अशा रीतीनें मातीचें औषध झाडांकडे परत आलें.

हें सारें भांडार जमिनीच्या वरच्या वीतभर थरांत असतें. बालाघाटच्या उतारावरून एका वळवाबरोबर हा थर वाहून जाऊं शकतो. तो पुन्हा तयार होण्यास मात्र शेंकडों वर्षें लागतात. म्हणून उतारास बांध घालावा, पालापाचोळा जाळूं नये, आणि नवें रोप लावतांना निरोगी जुन्या झाडाखालील ओंजळभर माती खड्ड्यांत टाकावी. त्या ओंजळींत रोपाचे सोयरे असतात.