तुळिंजच्या खोलीतले सामान आणि त्याचा विमा

आपल्या गावातली कितीतरी मुले आज मुंबईच्या बाजूला नोकरीला आहेत. मुंबईत खोली परवडत नाही, म्हणून ती विरारच्या गाडीने रोज ये-जा करतात आणि नालासोपारा स्टेशनच्या पूर्वेला, तुळिंज भागात, भाड्याने राहतात. कोणाची चाळीतली एक खोली, कोणाचे चार मजली इमारतीतले तळमजल्याचे बिऱ्हाड. मुलगा एकटा असतो तोवर एक ट्रंक आणि एक गादी एवढाच संसार असतो. लग्न झाले, सूनबाई तिकडे गेली, की दोन वर्षांत कपाट येते, फ्रीज येतो, शिवणयंत्र येते, कपडे धुण्याचे यंत्र हप्त्याने येते. सुगीनंतर आपण इकडून तांदळाचे पोते आणि डाळ पाठवतो ती वेगळीच. एक दिवस कागद-पेन्सिल घेऊन या सगळ्याची बेरीज करून पाहा. बेरीज सहज दीड-दोन लाखांवर जाईल. आपल्या गोठ्यातल्या एका चांगल्या म्हशीपेक्षा ही किंमत जास्त आहे, पण म्हशीचा विमा आपण उतरवतो आणि या सामानाचा विचारही कोणाच्या मनात येत नाही.

तुळिंजची जमीन कशी आहे ते शेतकऱ्याला लवकर समजेल. पूर्वेला डोंगर, पश्चिमेला खाड्या आणि समुद्र, उत्तरेला वैतरणा, दक्षिणेला वसईची खाडी. मधल्या सखल भागात पूर्वी भातखाचरे आणि मिठागरे होती. डोंगरावरून उतरणारे पाणी त्यांतून हळूहळू खाडीला मिळे. आता तिथे दाटीने घरे झाली आहेत. पाण्याची वाट बांधली की पाणी कुठे जाते हे ज्याने एकदा बांध फुटताना पाहिला आहे त्याला सांगायला नको. २०१८ च्या जुलैत नालासोपाऱ्याला रेल्वेचे रूळ पाण्याखाली गेले, गाड्या थांबल्या आणि अडकलेल्या प्रवाशांना बाहेर काढायला राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाचे जवान आले. वसई-विरार पट्ट्यात कितीतरी तळमजल्याच्या घरांत पाणी शिरले. फ्रीज पाण्यात, गादी पाण्यात, धान्य पाण्यात.

अशा वेळी सरकारी मदत मिळते, पण ती किती? केंद्र सरकारच्या २०२२ च्या निकषांत पुराने घर बुडालेल्या कुटुंबाला कपड्यांसाठी २,५०० आणि भांडी व घरसामानासाठी २,५०० रुपये धरले आहेत. राज्य सरकार कधी पदरचे घालून ही रक्कम वाढवते. २०१९ च्या कोल्हापूर-सांगलीच्या महापुरात ग्रामीण भागाला १०,००० आणि शहरी भागाला १५,००० रुपये दिले होते. मदत म्हणून ती मोलाची खरीच, पण एका फ्रीजलाही पुरत नाही.

तुम्ही म्हणाल, इमारतीचा विमा घरमालकाने किंवा सोसायटीने काढलेला असेलच की! असेलही. पण तो भिंतींचा आणि छपराचा विमा आहे. त्याची भरपाई मालकाला मिळते. भाडेकरूच्या कपाटाशी त्याचा काही संबंध नाही. उलट काही जणांना वाटते की घर आपले नाही तर विमा आपल्याला कोण देणार? ही समजूतही चुकीची आहे. आपल्या बटाईदाराचेच उदाहरण घ्या ना. जमीन दुसऱ्याची असते, पण पीक त्याचे असते, म्हणून पंतप्रधान पीकविमा योजनेत कुळाला आणि बटाईदारालाही भाग घेता येतो, फक्त रीतसर करारनामा दाखवावा लागतो. खोलीचेही तेच आहे. भिंत मालकाची, सामान तुमचे. सामानाचा विमा तुमच्या नावाने निघतो.

हा विमा कोणता मागायचा? १ एप्रिल २०२१ पासून विमा नियामक प्राधिकरणाने आगीचा विमा विकणाऱ्या सगळ्या सर्वसाधारण विमा कंपन्यांना एकाच नमुन्याची पॉलिसी देणे बंधनकारक केले आहे. तिचे नाव ‘भारत गृह रक्षा’. न्यू इंडिया, ओरिएंटल, नॅशनल, युनायटेड इंडिया या चार सरकारी कंपन्यांत ती मिळते, खाजगी कंपन्यांतही मिळते. घराचा, सामानाचा किंवा दोन्हींचा विमा हिच्यात काढता येतो. भाडेकरूने स्पष्ट सांगावे, ‘आम्हाला फक्त सामानाचा विमा हवा.’ दोन-तीन लाखांच्या सामानाला वर्षाचा हप्ता साधारण शेकड्यांतच असतो. त्यामुळे एजंटाला फारसे काही सुटत नाही, आणि एखादा एजंट नाक मुरडून दुसराच मोठा विमा गळ्यात मारायला पाहतो. तसे झाले तर सरळ कंपनीच्या शाखेत जावे.

आग, वीज पडणे, गॅसचा स्फोट, भूकंप, वादळ, पूर आणि पाणी तुंबून घरात शिरणे, दरड कोसळणे, झाड किंवा वाहन घरावर येऊन आदळणे, दंगल, पाण्याची टाकी किंवा नळ फुटणे, एवढ्या कारणांनी सामानाचे नुकसान झाले तर भरपाई मिळते. तुळिंजसारख्या जागी यातले पुराचे एक कारणच हप्ता वसूल करायला पुरेसे आहे. आणखी एक चांगली गोष्ट अशी की भरपाई ठरवताना तशीच वस्तू आज नवी घ्यायला काय पडते ते पाहतात. शिवाय पूर्वी विमा कमी रकमेचा उतरवला असेल तर त्याच प्रमाणात भरपाईलाही कात्री लागे. चार लाखांच्या सामानाचा विमा दोन लाखांचा असेल, तर लाखाच्या नुकसानीला पन्नास हजारच हाती पडत. या पॉलिसीत ती कात्री काढून टाकली आहे. विम्याच्या रकमेपर्यंतचे नुकसान पुरते मिळते.

आता दुसरी बाजू, आणि ही नीट वाचा, कारण भांडणे इथेच होतात.

चोरीचा विमा या पॉलिसीत धरलेला नाही. पूर, आग असे काही घडले आणि त्यामुळे सात दिवसांच्या आत चोरी झाली, तर ती धरतात. एरवी दुपारी कुलूप फोडून कोणी टीव्ही नेला, तर काही मिळत नाही. त्यासाठी घरफोडीचा विमा वेगळा घ्यावा लागतो. त्यातही कडी-कुलूप फोडल्याची खूण आणि पोलिसांत नोंदवलेली फिर्याद मागतात. दार सताड उघडे टाकून शेजारी गप्पा मारत बसलेल्याला घरफोडीच्या विम्याचाही उपयोग नाही.

विजेच्या दाबात चढ-उतार होऊन फ्रीज आतल्या आत जळाला तर तो फ्रीज मिळत नाही. त्यातून आग लागून शेजारचे कपाट जळाले तर कपाटाची भरपाई मिळते. रोख पैसे धरत नाहीत. दागिने वेगळे लिहून, वेगळा हप्ता भरल्याशिवाय धरत नाहीत, तेव्हा सूनबाईंच्या मंगळसूत्राचे आधी विचारून घ्या. कागदपत्रांनाही भरपाई नाही. म्हणून शाळा सोडल्याचे दाखले, खरेदीखत, जमिनीचे जुने कागद यांच्या मूळ प्रती तुळिंजच्या तळमजल्यावर ठेवू नयेत. त्या गावच्या घरीच कोरड्या जागी ठेवाव्यात आणि तिकडे नकला द्याव्यात.

सर्वात मोठी गोष्ट इमारतीची. नालासोपारा पूर्वेला अग्रवाल नगरी भागात ४१ बेकायदा इमारती उच्च न्यायालयाच्या आदेशाने पाडल्या गेल्या. २०२४ च्या नोव्हेंबरात पाडकाम सुरू झाले आणि २०२५ च्या आरंभी संपले. शेकडो कुटुंबे सामानासकट रस्त्यावर आली. सरकारी हुकमाने झालेल्या अशा नुकसानीला विमा नाही. तसेच २०२५ च्या ऑगस्टअखेरीस विरार पूर्वेची रमाबाई अपार्टमेंट मध्यरात्री कोसळली, १७ माणसे गेली. इमारत स्वतःच्या कच्च्या बांधकामाने किंवा जीर्ण होऊन कोसळली तर तेही पॉलिसीच्या कारणांत बसत नाही. भूकंपाने किंवा पुराने कोसळली तर बसते. तेव्हा विम्याचा कागद हातात आहे म्हणून कसल्याही इमारतीत राहायला जाऊ नका. खोली घेण्यापूर्वी बांधकाम परवानगी आहे का, महापालिकेने इमारतीला धोकादायक म्हणून नोटीस दिली आहे का, हे मालकाला विचारा आणि महापालिकेच्या प्रभाग कार्यालयातही विचारा. भाडे दोनशे-पाचशे रुपयांनी कमी का आहे, याचे उत्तर पुष्कळदा तिथे मिळते.

गॅसचा विषय यालाच लागून आहे. तेल कंपन्यांनी नोंदणीकृत गॅस ग्राहकांसाठी अपघाताचा सामुदायिक विमा उतरवलेला असतो, त्याचा हप्ता ग्राहकाला भरावा लागत नाही. पण सिलिंडर ज्या पत्त्यावर नोंदला आहे त्याच पत्त्यावर अपघात झाला पाहिजे. गावच्या नावाचा सिलिंडर तुळिंजला नेला किंवा कोणाकडून जास्त पैसे देऊन भरलेली टाकी घेतली, तर या विम्यावर पाणी सोडावे लागते. बिऱ्हाड बदलले की गॅसचा पत्ता बदलून घ्यावा.

विमा काढायला मुख्य कागद म्हणजे भाडेकरार, ज्याला तिकडे लिव्ह अँड लायसन्स म्हणतात. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे तो लेखी आणि नोंदणी केलेला असला पाहिजे, आणि नोंदणी करण्याची जबाबदारी घरमालकावर आहे. अकरा महिन्यांच्या करारालाही यातून सुटका नाही. मालक म्हणतो, ‘आपसातला मामला आहे, कशाला खर्च?’ असे ऐकून गप्प बसू नये. या खोलीत मी राहत होतो आणि हे सामान इथे होते, याचा पुरावा पुढे याच कागदाने मिळतो. एका खोलीत चार पोरे मिळून राहत असतील, तर एकाच्या नावच्या पॉलिसीत बाकी तिघांच्या वस्तू आपोआप येतील असे धरून चालू नये. कंपनीला विचारून नावे घालून घ्यावीत किंवा आपापला विमा काढावा.

सामानाची यादी करायला एका रविवारची दुपार पुरते. मोबाईलवर प्रत्येक वस्तूचा फोटो काढावा, पावत्यांचे फोटो काढावेत, आणि ते सगळे गावी आपल्याकडे पाठवायला मुलाला सांगावे. त्याचा मोबाईल पाण्यात गेला तरी यादी इकडे शाबूत राहते. गावाकडच्या माणसांनी करण्याजोगे हे एक सोपे काम आहे.

नुकसान झालेच, तर पीकविम्याला आपण बहात्तर तासांत कळवत असू तशीच इथेही घाई करावी. पाणी ओसरण्याची वाट न पाहता कंपनीला फोन करावा आणि तक्रारीचा क्रमांक लिहून घ्यावा. भिंतीवर पाणी कुठवर चढले त्या रेघेचे फोटो घ्यावेत. भिजलेल्या वस्तू वास येतो म्हणून लगेच फेकून देऊ नयेत, कंपनीचा सर्व्हेअर येऊन पाहीपर्यंत बाजूला ठेवाव्यात. धान्य ठेवणे शक्यच नसेल तर फोटो आणि शेजाऱ्यांच्या सह्या घेऊन मग टाकावे. दाव्याचा अर्ज ३० दिवसांच्या आत भरावा. तलाठ्याच्या पंचनाम्याची नक्कल मिळाली तर तीही जोडावी, आणि सरकारी मदतीचा अर्ज विमा आहे म्हणून सोडू नये.

कंपनीने दावा नाकारला तर कारण लेखी मागावे आणि कंपनीकडेच लेखी तक्रार करावी. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येते. तिथे फी नाही, वकील लागत नाही.

एक गोष्ट मात्र तुळिंजकर भाडेकरू हमखास विसरतात. पॉलिसी खोलीच्या पत्त्यावर असते. अकरा महिने भरले, टेम्पोत सामान घालून दोन गल्ल्या पलीकडे गेले, की जुन्या पत्त्याची पॉलिसी नव्या खोलीतल्या सामानाला लागू होत नाही. टेम्पो ठरवाल त्याच दिवशी नव्या करारनाम्याची नक्कल कंपनीला द्या आणि पत्ता बदलल्याची नोंद कागदावर मागून घ्या. जमलेच तर नवी खोली पहिल्या मजल्यावरची पाहा.