बार्बारोस : कानांनी ठरवलेला परका

होमरच्या 'इलियड'मध्ये ट्रॉयच्या बाजूने लढणाऱ्या कारियन लोकांना 'बार्बारोफोनोई', म्हणजे अगम्य बोली बोलणारे, असे विशेषण आले आहे. 'बार्बारोस' हा शब्द मुळात ध्वनीच्या अनुकरणातून घडलेला असून, परक्याचे बोलणे ग्रीक कानांना 'बर् बर्' असे ऐकू येई, एवढाच त्याचा प्रारंभीचा आशय होता; त्यात रानटीपणाचा आरोप अद्याप शिरलेला नव्हता.

तो शिरला इराणी साम्राज्याशी झालेल्या युद्धांनंतर. इ.स.पू. 480 मध्ये सालामिसच्या सामुद्रधुनीत इराणी आरमाराचा पराभव झाला आणि आठच वर्षांनी एस्किलसने अथेन्सच्या रंगमंचावर 'पर्शियन' हे नाटक आणले. त्यात इराणी दूत स्वतःच्याच सैन्याला 'बार्बारोस' म्हणतो, आणि खरा इराणी माणूस असे कधी बोलेल काय, हा प्रश्न नाटककाराला पडलेला दिसत नाही. पुढे इ.स.पू. 451 च्या सुमारास पेरिक्लिसच्या कायद्याने आई आणि वडील दोघेही अथेन्सचे असतील त्यालाच नागरिकत्व दिले. बाहेरून येऊन स्थायिक झालेला 'मेटिक', मग तो ग्रीक का असेना, वर्षाला 12 द्राख्मा कर भरी, प्रसंगी सैन्यातही जाई, पण त्याला जमीन घेता येत नसे.

या काळातील सर्वांत मोकळी दृष्टी इतिहासकार हिरोडोटसची म्हणावी लागेल, आणि कारियन व ग्रीक लोकांची सरमिसळ असलेले हालिकार्नासस हे त्याचे जन्मगाव होते, हा निव्वळ योगायोग नसावा. इराणी सम्राट दारियसने ग्रीकांना आईवडिलांचे प्रेत खाण्याबद्दल आणि भारतातील कलातिया लोकांना, ज्यांच्यात तशी चाल होती, ते जाळण्याबद्दल विचारले, तेव्हा दोन्ही गट सारखेच हादरले, अशी कथा तो सांगतो. कथा घडली असो वा नसो, जो तो आपल्याच चालीरीतींना श्रेष्ठ मानतो, हा तिचा रोख स्पष्ट आहे. इजिप्तचे लोक आपली भाषा न बोलणाऱ्या सर्वांना 'बार्बारोस' समजतात, हेही त्याने नोंदवले असून त्या 'सर्वां'त अर्थातच ग्रीक आले.

इजिप्तप्रमाणे भारतातही ग्रीक परकेच होते; येथे त्यांना 'यवन' म्हणत. हा शब्द 'आयोनिया' या प्रदेशनामाशी निगडित आहे. नाशिकच्या पांडवलेण्यांतील 17 क्रमांकाचे लेणे धम्मदेवाचा मुलगा इंद्राग्निदत्त याने कोरवून घेतले, आणि तेथील शिलालेखात त्याची ओळख 'योणक', म्हणजे यवन, अशीच दिली आहे.