अभिरूप संयुक्त राष्ट्रे आणि वाटाघाटींचे शिक्षण

विधी महाविद्यालयांतील अभिरूप न्यायालय ही संकल्पना आपल्याकडे चांगलीच परिचित आहे. त्याच धर्तीवर विद्यार्थ्यांनी निरनिराळ्या देशांचे प्रतिनिधी बनून आंतरराष्ट्रीय प्रश्नांवर चर्चा करणे, ठरावाचे मसुदे तयार करणे आणि ते संमत करून घेणे, या उपक्रमास ‘मॉडेल युनायटेड नेशन्स’ अर्थात अभिरूप संयुक्त राष्ट्रे असे म्हणतात. गेल्या दोन दशकांत भारतातील महानगरांमधील शाळा-महाविद्यालयांत या उपक्रमाचा झपाट्याने प्रसार झाला आहे. मात्र त्यातून विद्यार्थी नेमके काय शिकतात, वक्तृत्व की वाटाघाट, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो.

या उपक्रमाची मुळे संयुक्त राष्ट्रांच्याही आधीची आहेत. १९२० च्या दशकात अमेरिकेतील काही विद्यापीठांत राष्ट्रसंघाच्या अभिरूप सभा भरत असत. म्हणजे जो देश स्वतः राष्ट्रसंघाचा सदस्य नव्हता, तेथेच त्याची नक्कल प्रथम रुजली. दुसऱ्या महायुद्धानंतर संयुक्त राष्ट्रांची स्थापना झाली आणि या सभांनी नवे रूप घेतले. बर्कले येथील परिषद १९५२ मध्ये, तर हेग येथील शालेय विद्यार्थ्यांची परिषद १९६८ मध्ये सुरू झाली. भारतात याच जातीचा एक देशी प्रयोग झाला, तो युवा संसदेचा. १९६२ मध्ये मुंबई येथे भरलेल्या चौथ्या अखिल भारतीय प्रतोद परिषदेने त्याची शिफारस केली आणि १९६६-६७ पासून संसदीय कार्य मंत्रालयाने दिल्लीतील शाळांमध्ये युवा संसद स्पर्धा सुरू केल्या.

अभिरूप सभेची कार्यपद्धती साधारणतः ठरलेली असते. प्रत्येक विद्यार्थ्यास काही आठवडे आधी एक देश व एक समिती नेमून दिली जाते. त्या देशाची भूमिका मांडणारे टिपण त्याने लिहावयाचे असते. सभेत प्रथम औपचारिक भाषणे होतात. नंतर सभा काही काळ स्थगित करून अनौपचारिक चर्चा होते, आणि समविचारी देशांचे गट ठरावाचा मसुदा तयार करतात. शेवटी दुरुस्त्या व मतदान. सुरक्षा परिषदेची प्रतिकृती असेल, तर १५ पैकी ९ अनुकूल मते हवीत आणि महत्त्वाच्या प्रश्नावर पाच स्थायी सदस्यांपैकी एकाचेही प्रतिकूल मत नको, हा नियम विद्यार्थ्यांना अनुभवातून कळतो. पाठ्यपुस्तकातील नकाराधिकार आणि प्रत्यक्ष वाट अडविणारा नकाराधिकार यांत पुष्कळ अंतर असते.

तथापि, बहुतेक अभिरूप सभांचे नियम अमेरिकी संसदीय परंपरेतून आलेले आहेत. त्यांत मतदानाला अवाजवी महत्त्व मिळते. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत प्रत्यक्षात बरेचसे ठराव मतदानाविनाच संमत होतात. संयुक्त राष्ट्रांच्या जनमाहिती विभागाने २००९ ते २०११ या काळात जिनिव्हा, क्वालालंपूर आणि इंचॉन येथे जागतिक अभिरूप परिषदा भरविल्या, त्यामागे विद्यार्थ्यांची सभा संस्थेच्या प्रत्यक्ष कामकाजाच्या जवळ आणावी, हा एक हेतू होता.

हा केवळ तांत्रिक तपशील नव्हे. निर्णयाचा नियम बदलला की निर्णय बदलतो. जागतिक व्यापार संघटनेतील अन्नधान्याच्या सार्वजनिक साठवणुकीचा प्रश्न हे याचे ठळक उदाहरण होय. हमीभावाने केलेली धान्यखरेदी संघटनेच्या कृषी करारात शेतकऱ्यांना दिलेले अनुदान मानली जाते. ते मोजताना हमीभावाची तुलना आजच्या बाजारभावाशी नव्हे, तर १९८६-८८ च्या सरासरी किमतींवर आधारलेल्या स्थिर संदर्भ किमतीशी केली जाते. भारतासारख्या विकसनशील देशास असे अनुदान पिकाच्या उत्पादनमूल्याच्या १० टक्क्यांपर्यंतच देता येते. २०१८-१९ या वर्षी भारताचे तांदळाचे उत्पादनमूल्य ४३.६७ अब्ज डॉलर आणि या पद्धतीने मोजलेले अनुदान सुमारे ५ अब्ज डॉलर होते. म्हणजेच सुमारे ११.५ टक्के. २०१३ च्या बाली परिषदेतील तथाकथित ‘शांतता कलमा’मुळे या मर्यादाभंगाविरुद्ध भारतावर दावा दाखल होऊ शकला नाही.

हे कलम मुळात तात्पुरते होते. २०१४ च्या जुलैमध्ये भारताने व्यापार सुलभीकरण करारास संमती देण्यास नकार दिला. या भूमिकेस उघड पाठिंबा मोजक्याच देशांचा होता. साध्या बहुमताने निर्णय घेणाऱ्या अभिरूप सभेत भारताचा अर्ध्या तासात पराभव झाला असता. संघटनेत मात्र निर्णय सहमतीने होतात. मतदानाची तरतूद कागदावर असली तरी ती व्यवहारात वापरली जात नाही. परिणामी कोंडी चार महिने टिकली आणि नोव्हेंबर २०१४ मध्ये, कायमस्वरूपी तोडगा निघेपर्यंत शांतता कलम लागू राहील, असा निर्णय झाला. तो तोडगा २०२४ च्या अबू धाबी परिषदेतही निघाला नाही.

आता हाच विषय एखाद्या जिल्ह्याच्या महाविद्यालयात दहा-बारा विद्यार्थ्यांनी घ्यावा. भारताची बाजू मांडणे त्यांना सोपे जाईल. अवघड आहे ते थायलंड होणे. थायलंड हा तांदळाचा मोठा निर्यातदार. भारताच्या गोदामांतील धान्य जागतिक बाजारात आले तर भाव पडतील, ही त्याची चिंता निराधार ठरवून चालत नाही. पाकिस्तान भारताप्रमाणेच जी-३३ या गटात आहे, परंतु तांदळाच्या बाजारात तो प्रतिस्पर्धी आहे. गट आणि हितसंबंध यांची अशी फारकत नेहमीच आढळते. धान्य आयात करणाऱ्या गरीब देशाच्या प्रतिनिधीपुढील पेच याहून मोठा: स्वस्त तांदूळ शहरातील ग्राहकास हवा असतो, पण त्याच देशातील भातउत्पादक त्यामुळे बुडतो. हमीभाव, साठवणूक व सार्वजनिक वितरण व्यवस्था हे नागरी सेवा मुख्य परीक्षेच्या सामान्य अध्ययनातील घटक आहेत. विरुद्ध बाजूने एक दिवस युक्तिवाद करणाऱ्यास ते जितके उलगडतात, तितके टिपणांच्या पाठांतराने उलगडत नाहीत.

दुर्दैवाने या उपक्रमास पारितोषिकांची बाधा झाली आहे. ‘सर्वोत्कृष्ट प्रतिनिधी’ निवडावयाचा म्हटले की जो अधिक बोलतो, इंग्रजी सफाईने बोलतो, तो पुढे जातो. तडजोडीचे वाक्य शोधून देणारा मागे राहतो. त्यात नोंदणीशुल्क, प्रवास व निवास यांचा खर्च. ग्रामीण विद्यार्थी येथेच गळतो. वास्तविक या कामास सभागृहाची वा झेंड्यांची आवश्यकता नाही. जागतिक व्यापार संघटनेचे करार व सदस्य देशांची निवेदने तिच्या संकेतस्थळावर विनामूल्य उपलब्ध आहेत. मूळ कागद इंग्रजीत वाचून चर्चा मराठीत करण्यास कोणतीही आडकाठी नाही.

एक तंत्र मात्र प्रत्यक्ष वाटाघाटींतून जरूर उचलावे. ज्या शब्दांवर एकमत नसते ते आंतरराष्ट्रीय मसुद्यांत चौकटी कंसात ठेवले जातात. ‘[विद्यमान] योजनांना संरक्षण राहील’ या वाक्यातील कंस काढावा की शब्दच काढावा, यावर तासभर घासाघीस होऊ शकते. कारण बाली येथील निर्णयाचे संरक्षण त्यावेळी अस्तित्वात असलेल्या योजनांपुरतेच आहे. विद्यार्थ्यांनी सकाळी कंसांनी भरलेला एक परिच्छेद घ्यावा आणि सायंकाळपर्यंत सर्वांच्या संमतीने त्यांतील किती कंस दूर झाले, ते मोजावे. पारितोषिक द्यावयाचेच असेल, तर ते या मोजणीवर द्यावे.