डोंगरमाथ्यावरचा विमानतळ

सुटीच्या दिवशी घरची गाडी जुंपून जत्रेला जावे, तसे अमेरिकेतले काही हौशी लोक लहानसे विमान काढून फिरायला जातात. हे पगारी वैमानिक नव्हेत. कोणी शिक्षक असतो, कोणी दुकानदार, कोणी शेतकरीसुद्धा. वयाची १७ वर्षे पुरी झालेली हवीत. किमान ४० तासांचे उड्डाणशिक्षण, परीक्षा आणि डॉक्टरी तपासणी पार पडली की खासगी परवाना मिळतो. या परवान्यावर भाडे घेऊन माणसे नेता येत नाहीत. सोबत्यांनी खर्चात वाटा उचलला तरी वैमानिकाला आपला वाटा पदरचाच भरावा लागतो. म्हणजे हा सगळा मामला निव्वळ हौसेचा!

या मंडळींचे एक आवडते ठिकाण म्हणजे लॉस एंजेलिस शहरासमोरच्या समुद्रातले कॅटलिना बेट. च्युइंगगमच्या धंद्यात नाव कमावलेल्या रिगली घराण्याकडे हे बेट होते. तिथे दोन डोंगरांचे माथे छाटले, मधली दरी बुजवली आणि सपाटी तयार केली. १९४६ साली तिथे विमानतळ सुरू झाला. समुद्रसपाटीपासून त्याची उंची १,६०२ फूट. खाली निळा समुद्र आणि भोवती गवताळ टेकड्या. त्या टेकड्यांवर बायसन, म्हणजे मोठ्या वशिंडाचे केसाळ रानबैल चरताना दिसतात. १९२४ साली एका मूकपटासाठी १४ बायसन बेटावर आणले होते, तिथून या कळपाची सुरुवात झाली. विमानतळावरच्या उपाहारगृहात जेवायचे, हिंडायचे आणि संध्याकाळच्या आत घरी परतायचे, अशी ही सहल. अशा जेवणाला वैमानिक थट्टेने ‘शंभर डॉलरचा बर्गर’ म्हणतात. खाण्यापेक्षा जाण्यायेण्याचाच खर्च मोठा!

ऐकायला हे सोपे वाटते. पण या मौजेच्या मागे किती हिशेब असतो, ते पाहण्यासारखे आहे.

पहिला हिशेब वजनाचा. चार आसनांच्या सेस्ना १७२ जातीच्या विमानात टाक्या तुडुंब भरल्या, तर चार धष्टपुष्ट माणसे बहुधा नेता येत नाहीत. बेटावर इंधन मिळत नाही, म्हणून परतीचेही बरोबर न्यावे लागते. आभाळ बिघडले तर दुसरीकडे जाण्यापुरते वेगळे ठेवावे लागते. मग एखाद्या पाहुण्याला घरीच थांबवावे लागते. निघण्यापूर्वी टाकीच्या तळातून थोडे इंधन काढून त्यात पाणी उतरले नाही ना, हेही पाहतात. डिझेल पंपात पाणी गेले की काय होते, हे आपल्याला ठाऊकच आहे. पंप बंद पडला तर माणूस बांधावर बसतो, विमानाला ती सोय नाही.

दुसरा हिशेब उंचीचा. मधला समुद्र सुमारे ३५ किलोमीटर रुंद आहे. इंजिन बंद पडले म्हणून विमान दगडासारखे खाली येत नाही, घारीसारखे तरंगत उतरते. वारा नसेल तर हे विमान हजार फूट उंचीमागे सुमारे पावणेतीन किलोमीटर पुढे जाते. म्हणजे ऐन मध्यावर इंजिन थांबले, तर कुठला तरी किनारा गाठायला साडेसहा हजार फूट तरी उंची हवी. म्हणून जाणता वैमानिक एवढ्याशा प्रवासासाठीही आधी उंच चढतो, आणि तरंगण्याची जाकिटेही बरोबर घेतो. अडीअडचणीसाठी कणगीत धान्य राखावे, तशी ही राखलेली उंची.

तिसरी परीक्षा उतरताना. धावपट्टी ३,००० फुटांची, म्हणजे एक किलोमीटरसुद्धा नाही. २०१९ साली अमेरिकेच्या मरीन व नौदलाच्या जवानांनी ती काँक्रीटची केली, पण तिचा चढ तसाच आहे. सुरुवातीचा बराच भाग चढाचा असल्याने पलीकडचे टोक दिसत नाही. चढामुळे आपण फार उंचावर आहोत असा भास होतो आणि नवखा वैमानिक विमान आणखी खाली आणतो. त्यातच कड्यापाशी वारा खाली ओढतो. इथे डोळ्यांपेक्षा शिकलेल्या हिशेबावर विश्वास ठेवावा लागतो.

आणि शेवटची गोष्ट आभाळाची. मे-जून महिन्यांत तिथल्या समुद्रावर खालच्या थरात ढग दाटतात आणि डोंगरमाथा त्यात बुडतो. डबे भरलेले, मुले हरखलेली, निम्मी वाट सरलेली, आणि समोर पट्टी दिसत नाही! अशा वेळी थोडे आत शिरून पाहू, असा मोह होतो. हाच मोह जिवावर बेततो. चांगला वैमानिक मुकाट्याने विमान मागे वळवतो.

पेरणीची घाई झाली तरी वापसा नसेल तर जाणता शेतकरी तिफण बाहेर काढत नाही. चार दिवस उशीर होतो, पण बियाणे वाचते. इथे तर माणसे वाचतात. सहल काय, पुढच्या रविवारी पुन्हा काढता येते.