बोलणाऱ्याची माती

बोलणाऱ्याची मातीही खपते आणि न बोलणाऱ्याचं सोनंही पडून राहतं, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. संवादकौशल्याचे वर्ग याच म्हणीच्या जिवावर चालतात. आवाज कुठे चढवावा, हात कसे ठेवावेत, समोरच्याच्या डोळ्यांत किती वेळ पाहावं, हे तिथे शिकवतात. ते निरुपयोगी नाही. पण चंद्रपूर-गडचिरोलीत लोकांना काय पटलं, काय नाही आणि का, हे पाहू लागलं की त्या म्हणीवरचा विश्वास जरा डळमळतो. या जंगलात भाषणं ठोकून गेलेल्यांची कमतरता कधीच नव्हती.

‘ज्याला बोलता येतं, त्यालाच पटवता येतं’

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली गडचिरोलीत ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. आदिवासी माणूस दवाखान्याची पायरी का चढत नाही, याचं उत्तर शहरात तयारच होतं: अंधश्रद्धा. बंग दांपत्याने ते उत्तर बाजूला ठेवलं आणि लोकांनाच विचारलं. कारणं निघाली ती अशी. मोठ्या इमारतीची भीती वाटते. नातेवाइकांना रुग्णाजवळ राहू देत नाहीत. आणि डॉक्टर, नर्स पांढऱ्या कपड्यांत वावरतात. आमच्यात तर मेलेल्या माणसाला पांढऱ्या कापडात गुंडाळतात.

आता या शेवटच्या कारणावर कितीही फर्डा वक्ता काय बोलणार होता? सर्चच्या ‘शोधग्राम’ या परिसरातलं रुग्णालय मग आदिवासी गावासारखं बांधलं गेलं. रुग्णासोबत घरच्यांना राहता येईल अशा झोपड्या झाल्या आणि रुग्णालयाला नाव मिळालं आदिवासींच्या देवीचं, माँ दंतेश्वरीचं. लोकांचं मन वळण्याआधी रुग्णालयाचा नकाशा बदलला, आणि तो लोकांच्या बोलण्यावरून बदलला. माझ्या मते मन वळवण्याच्या कलेतला सर्वांत अवघड भाग हाच आहे. विचारायचं, आणि आलेलं उत्तर आपल्या आराखड्याला महाग पडलं तरी ते ऐकायचं.

‘समोरच्याला माहिती नाही, म्हणून पटत नाही’

मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं पडू लागली की चंद्रपूर जिल्ह्यातल्या जंगलालगतच्या गावांत एकच सूचना फिरते: वाघ आहे, पहाटे एकट्याने जंगलात जाऊ नका. पुढचा संवाद साधारण असा होतो.

“मावशी, वाघ फिरून राहिला तिकडं. जाऊ नका.”

“मालूम हाय ना बापू. मग फुलं का तू वेचून देशीन?”

मावशीला वाघाची माहिती सूचना देणाऱ्यापेक्षा जास्त आहे. तिच्या शेजारपाजारचं कोणीतरी गेलेलं असतं. पण मोहफूल रात्रीतून, पहाटे गळतं. उशीर केला की हरणं, गुरं खाऊन मोकळी होतात आणि घरात येणारे चार पैसे जातात. तिला धोका पुन्हा समजावून सांगणं म्हणजे तिचा अपमानच. ‘चार-पाच जणी मिळून, उजाडताच, बोलत-आवाज करत जा’ असं सांगितलं, तर मात्र तिच्या हिशेबाला धक्का लागत नाही आणि ती ऐकून घेते.

वणव्याचंही तसंच. फुलं दिसावीत म्हणून झाडाखालचा पाला पेटवतात आणि ती आग पसरते. ‘आग लावू नका’ हा फलक वर्षानुवर्षं उभा राहिला तरी पाला साफ करायचा प्रश्न तसाच राहतो. झाडाखाली जाळी बांधली की फुलं थेट तिच्यात पडतात. जमीन साफ करायची गरज उरत नाही, आणि आग लावायचं कारणही.

कार्यालयात नव्या प्रणालीला विरोध करणाऱ्या कारकुनाला तिसऱ्यांदा प्रशिक्षणाला पाठवणारे साहेब हीच चूक करतात. त्याला ती प्रणाली समजलेली असते. वीज गेली की रांगेतल्या लोकांच्या शिव्या कोण खाणार, हे त्याला कोणी सांगितलेलं नसतं.

‘आकडे समोर ठेवले की काम फत्ते’

हे कोणाला पटवायचं आहे त्यावर ठरतं. गावातल्या जेमतेम शिकलेल्या बाईने नवजात बाळाचा न्यूमोनिया ओळखावा, प्रसंगी इंजेक्शन द्यावं, ही सर्चची कल्पना ऐकून अनेक डॉक्टर हबकले. त्यांना आकड्यांशिवाय काही पटणारच नव्हतं. ३९ गावांत प्रयोग झाला, शेजारची ४७ गावं तुलनेला ठेवली गेली, आणि १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष छापून आले: नवजात बालमृत्यूंचं प्रमाण ६२ टक्क्यांनी घटलं. पुढे २०११मध्ये सरकारने घरोघरी नवजात बालसेवेचं काम देशभरातल्या आशा ताईंकडे दिलं.

पण ज्या बाळंतिणीने आपलं तान्हं या शिकवून तयार केलेल्या ‘आरोग्यदूत’ बाईच्या हातात दिलं, तिने कुठे ‘लॅन्सेट’ वाचला होता? तिच्यासाठी पुरावा एवढाच, की ही बाई आपल्याच गावची आहे आणि बोलावलं की येते. विषय एकच, पण दोघांचे पुरावे वेगळे. वरिष्ठांपुढची मांडणी जशीच्या तशी घरी सासूबाईंपुढे करून पाहा, म्हणजे कळेल.

‘बहुमत झालं, म्हणजे सगळ्यांना पटलं’

चंद्रपूरच्या बायकांनी दारूबंदीसाठी चिमूरहून नागपूरच्या विधानभवनापर्यंत पायी मोर्चा नेला, ग्रामपंचायतींनी ठराव केले, आणि १ एप्रिल २०१५ पासून जिल्ह्यात बंदी आली. मे २०२१ मध्ये सरकारने ती उठवली. अवैध दारू आणि वाढलेली गुन्हेगारी ही कारणं दिली गेली. बंदी योग्य की अयोग्य, हा वाद इथे नको. पण त्या बायकांनी सरकारला पटवलं ते खरं असलं, तरी ज्यांना पटलं नव्हतं ते या सहा वर्षांत कुठे गेले नव्हते.

गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या गोंड गावाने ही अडचण आधीच ओळखली होती. तिथे ग्रामसभेचे निर्णय सर्वसहमतीने होतात. एखाद्याचा जरी विरोध असला तरी विषय पुढच्या सभेवर जातो. ऐकायला हे भलतंच संथ वाटतं. त्याला जोड आहे अभ्यासगटाची. हा गट ग्रामसभेहून वेगळा. इथे बसायचं, वाचायचं, बाहेरच्या जाणकाराला बोलवायचं, हवा तेवढा वाद घालायचा, पण निर्णय घ्यायचा नाही. निर्णय नसल्याने कोणाला हरायची भीती नाही, आणि मत बदललं तर नाक कापलं जात नाही. गावचे नेते देवाजी तोफा आणि कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल यांच्यासोबत गावाने इथेच कायदे चाळले.

त्याचा उपयोग बाहेर झाला. २००९मध्ये वनहक्क कायद्याखाली गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरी वनविभाग बांबू वाहतुकीचा परवाना देईना. कायद्यात बांबू गौण वनोपजात आहे, यावर गाव अडून राहिलं. २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण गावात आले आणि वाहतूक परवान्यांचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं.

आपल्या सोसायटीत किंवा कार्यालयात हे करायला जंगल लागत नाही. वादाचा विषय असेल तर दोन बैठका ठेवा. पहिलीत ठराव, मतदान, सह्या काही नको, फक्त बोलणं. दुसरी आठवड्याने. मधल्या दिवसांत कोण कोणाकडे चहाला जातं, तेही पाहत राहा.