पापणी पाहूनच जंताचे औषध

शेळ्या-मेंढ्यांच्या पोटातील जंतांमध्ये सर्वांत घातक हिमॉन्कस कॉन्टॉर्टस. दोन-तीन सेंटिमीटर लांबीचा हा गोलकृमी जठराच्या चौथ्या कप्प्यात चिकटून रक्त पितो. एक कृमी दिवसाला सुमारे ०.०५ मिलिलिटर, म्हणजे हजार कृमी ५० मिलिलिटर. आणि पंधरा किलोच्या करडाच्या अंगात रक्त असते जेमतेम लिटरभर. हगवण सहसा लागत नाही, त्यामुळे दुखणे लवकर उमगत नाही. जनावर कळपाच्या मागे पडू लागते, जबड्याखाली पाणी उतरते, तोवर उशीर झालेला असतो.

वाशीम जिल्ह्यातील आसेगावच्या शिवारात पावसाळा हा या कृमीचा सुगीचा काळ. मादी रोज पाच हजारांवर अंडी घालते. ती लेंड्यांतून बाहेर पडतात आणि ऊब-ओल मिळाली की आठवडाभरात अळ्या गवतावर चढतात. बहुतेक पाच सेंटिमीटरच्या आतच. त्यामुळे गायरानात तोंड घासून चरणारी मेंढी जास्त सापडते. बोरी-बाभळीचा पाला ओरबाडणारी शेळी बचावते, पण नुसत्या गवतावर ठेवली तर तीही लवकर खचते.

उपाय पुस्तकात सोपा आहे: एका तुकड्यावर चार दिवसांहून जास्त चारू नये आणि महिनाभर तिथे परतू नये. टोंगा बेटांवर दहा तुकडे पाडून, प्रत्येकात साडेतीन दिवस शेळ्या चारून हे सिद्धही झाले. आसेगावसारख्या गावी मात्र खरिपात सारे रान सोयाबीन-तुरीखाली. कळपाला उरतात गायरान आणि बांध. अशा वेळी निदान करडे-कोकरे गोठ्यात ठेवून कापलेला चारा आणि झाडपाला घालावा. सोयाबीन निघाल्यावर मोकळे होणारे शेत मोलाचे, कारण जूनपासून तिथे लेंडी पडलेली नसते. तिथे पहिला मान दूध तुटलेल्या पिलांचा. अख्खा कळप एकदम घुसवला की ही संधी वाया जाते.

सेंद्रिय पशुपालनाच्या नियमांत ठरावीक महिन्याला सरसकट औषध पाजणे बसत नाही. आजारी जनावरावरचे उपचार मात्र नाकारायचे नसतात. हा नियम प्रमाणपत्र नसलेल्यांच्याही फायद्याचा आहे. सरसकट पाजल्याने औषधाला दाद न देणारे जंतच मागे उरतात. म्हणून औषध कोणाला द्यायचे हे पापणी पाहून ठरवावे. त्यासाठी दक्षिण आफ्रिकेत तयार झालेल्या फामाचा तक्त्यात खालच्या पापणीच्या आतल्या रंगाचे पाच दर्जे आहेत. लाल म्हणजे ठीक. चौथा-पाचवा, म्हणजे फिकट-पांढरा, तर औषध. पिलांना आणि गाभण माद्यांना तिसऱ्यालाच द्यावे. तक्ता फक्त रक्तक्षय दाखवतो. इतर जंतांसाठी लेंडीतपासणीच हवी. शेळीचे शरीर औषध लवकर निकामी करते, म्हणून मेंढीची मात्रा तिला अपुरी पडते. अर्धवट मात्रा न देण्यापेक्षा वाईट, तेव्हा योग्य मात्रा पशुवैद्यकालाच विचारावी.

फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने दख्खनी मेंढ्यांचा सुंदरबनातील गरोळ जातीशी संकर केला, तेव्हा संकरित कोकरांच्या लेंड्यांत जंतांची अंडी कमी आढळली. प्रतिकारशक्ती रक्तातून उतरते. ज्याची पापणी दर पावसाळ्यात पांढरी पडते, तो बोकड किंवा मेंढा कितीही देखणा असो, पैदाशीला ठेवू नये.